एक धडा पुढं

भात निसवायला लागलं की मला अजून बारीकशी धास्ती वाटते. खरं तर आता भिण्यासारखं काही उरलेलं नाही. मार्गासनीला आमचं घर आहे, पलीकडच्या गावातल्या शाळेत मी विज्ञान शिकवते, आणि सकाळी स्कुटीवरून निघाले की वीस मिनिटांत शाळेच्या फाटकात असते. पण गणपती उठले, पावसाचा जोर ओसरला, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना इंद्रायणी भाताच्या लोंब्या बाहेर पडायला लागतात. त्यांचा तो कोवळा, गोडसर वास नाकात शिरतो आणि हँडलवरचा हात आपोआप घट्ट होतो. आता कुणीतरी काहीतरी विचारेल आणि आपल्याला येणार नाही, असं वाटतं. दोन वळणं गेली की आठवतं, अगं बाई, विचारणारी आता तूच आहेस! मग छातीतून एक सुस्कारा सुटतो. दरवर्षी सुटतो, आणि दरवर्षी तितकाच खरा असतो.

शनिवार-रविवारी किल्ल्याच्या पायथ्याशी पालीकडं निघालेल्या गाड्या मध्येच थांबतात. किल्ल्यावर जाणारी पुण्याची पोरं बांधावर उभी राहून फोटो काढतात. त्यांचं बरोबरच आहे, त्या दिवसांतली खाचरं दिसतातच तशी. मला मात्र त्या हिरव्या रंगात माझं कॉलेजचं पहिलं वर्ष दिसतं. म्हणजे अख्खं वर्षही नाही. भात निसवण्यापासून कापणीपर्यंतचे जेमतेम दीड-दोन महिने.

माझं माहेर हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, वरंध घाटाच्या बाजूच्या डोंगरात. आम्ही धनगर. सात-आठ घरांची वस्ती, म्हशी, शेळ्या, पोटापुरतं भात, उतारावर नाचणी. वस्तीवरून खाली डांबरी रस्त्याला यायला पाऊण तास लागायचा, आणि वर चढायला ज्याच्यात्याच्या दमाप्रमाणे. अकरावी-बारावी मी भोरला मावशीकडं राहून केली. मग मावशीच्या घरात सून आली आणि मला जागा उरली नाही. तसं कुणी बोललं नाही, पण कळतं. पुढं बी.एस्सी.ला भोरलाच नाव घातलं ते रोज येऊन-जाऊन करायच्या बोलीवर.

घरात सगळ्यांना ते पटलं नव्हतं. माझे थोरले चुलते, तात्या, ओसरीवर बसून वडिलांना म्हणाले होते, "पोरगी उजाडायच्या आत डोंगर उतरनार, कोन बगाया जानार हाय मागं? त्यापरास उजवून टाक."

वडील, म्हणजे आमचे आबा, कमी बोलणारे. बराच वेळ ते दावं वळत राहिले. मग म्हणाले, "एक वरीस बगू."

तेवढंच. पण वस्तीवर आबांचं 'एक वरीस' म्हणजे एकच वर्ष, हे मला ठाऊक होतं. पहिल्या परीक्षेत अडखळले, कॉलेजातून काही बरं-वाईट कानावर आलं, की संपलं.

हिर्डोशीकडून येणारी सकाळची एसटी साडेआठला भोरच्या स्टँडवर टेकायची. तिथून कॉलेज दहा मिनिटं, पळत गेलं तर सात. आणि आठवड्यातले तीन दिवस पहिलाच तास वनस्पतिशास्त्राचा, आठ ते नऊ. त्याआधीची बस नव्हती. शिकवणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या, उंच, सुती साडी, करारी आवाज. आठला त्या वर्गात शिरायच्या आणि दार लावून घ्यायच्या. उशिरा येणाऱ्यानं दार वाजवायचं नाही, हा त्यांचा नियम. पहिल्या दिवशी मी अजाणता वाजवलं. दार उघडलं, मॅडमनी माझ्या गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेल्या सलवारीकडं पाहिलं, "उद्या वेळेवर ये" म्हणाल्या, आणि दार परत लागलं. बसचं सांगायला मी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

त्यानंतर मी मागच्या व्हरांड्यात उभी राहू लागले. तिथल्या खिडकीचं एक तावदान फुटलेलं होतं. शेवटची वीस मिनिटं तिथून ऐकू यायचं. पण ऐकू येणं आणि कळणं यांत अंतर असतं. बारावीपर्यंत सर पुस्तक इंग्रजी धरायचे आणि समजवायचे मराठीत. इथं सगळं सरळ इंग्रजीत. भरल्या नदीच्या पलीकडून कुणी हाका मारत असावं, आवाज येतोय पण काय म्हणतंय ते लागत नाही, तसं व्हायचं. त्यात अर्धा-पाऊण तास आधीच निघून गेलेला. कीर्तनात मध्येच शिरल्यासारखं, कुठल्या राजाची गोष्ट चाललीय तेच माहीत नाही.

एक दिवस सूचनाफलकावर मॅडमनी लावलेला कागद दिसला. कोणत्या आठवड्यात कोणता भाग शिकवणार, याची यादी. तो रोज तिथं असणार, पण मी पळतच यायचे आणि पळतच जायचे. त्या दिवशी दुपारची बस चुकली होती म्हणून उभी राहिले. कागद वाचता वाचता डोक्यात आलं: पहिली चाळीस मिनिटं आपली रोजच बुडणार. ती काही परत मिळायची नाहीत. मग ती आधीच का मिळवू नयेत? मॅडम उद्या जे बोलणार ते पुस्तकात आजच छापलेलं आहे की.

लोक नंतर मला अभ्यासू म्हणायला लागले. अभ्यासू वगैरे काही नाही. ती अडचण होती. पावसाळ्याआधी सरपण घरात भरतात ते काही हौसेनं नाही.

कागद उतरवून घेतला. ग्रंथालयातल्या काकांनी एक जुनं पुस्तक दिलं, पहिली पानं गेलेलं, आणि एक शब्दकोश. दुपारच्या बसनं परत, चढण चढून वर, दोन घास खाऊन म्हशींमागं. तिथं कातळावर बसून वाचायचं. पहिल्या वाचनात काहीही कळायचं नाही. दुसऱ्या वेळी अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलीच्या रेघा. रेघा इतक्या व्हायच्या की पान नांगरल्यासारखं दिसायचं. मग शब्दकोश. आणि मग पुस्तक मिटून मोठ्यानं सांगायचं. मराठीत, आपल्या भाषेत. ऐकायला म्हशी. म्हशी शांतपणे ऐकतात, पण विचारत काही नाहीत.

विचारायचे आबा. ते शाळेत दोनच वर्षं गेलेले. घोंगडी अंथरून बसायचे, हातात वाखाचं काहीतरी वळणं चाललेलं, नजर शेळ्यांवर.

"पानाला खालच्या बाजूनं बारीक बारीक तोंडं असतात," मी सांगत होते. "त्यातनं पाण्याची वाफ बाहेर जाते."

"म्हंजी पान घाम गाळतं."

"व्हय, तसंच."

"आन् मंग?" आबा म्हणायचे. गोष्ट ऐकणाऱ्यासारखं. त्यांच्या त्या 'आन् मंग'नं माझी फार परीक्षा घेतली. मला पुढचं सांगता आलं नाही तर समजायचं, की पुढचं मला कळलेलंच नाही, नुसतं पाठ झालंय. मग पुस्तक परत उघडायचं.

आता शिक्षिका झाल्यावर मी मुलांना तोंडानं फार सांगत नाही की बाबांनो, आधी वाचून या. वर्गाच्या भिंतीवर पुढच्या आठवड्याचा कागद लावते आणि गप्प बसते. चाळीसातली दोघं-तिघं बघतात. त्यांच्या चेहऱ्यावरून मला ओळखू येतं. बाकीची पोरं माझ्या तोंडाकडं बघत असतात, आणि ही दोघं-तिघं मान किंचित खाली घालून, स्वतःशी हसत असतात. परगावच्या बाजारात आपल्या गावचा माणूस अचानक समोर यावा, तसं ते हसणं असतं. मला ते फार आवडतं. व्हरांड्यात उभं राहून मीही तशीच हसायला लागले होते. मॅडमचं एखादं वाक्य तावदानातून बाहेर यायचं आणि मला वाटायचं, हे मला माहीत आहे. काल कातळावर भेटलं होतं.

असंच एका दुपारी मी यादीच्याही एक पाऊल पुढं गेले. बाष्पोत्सर्जनाचा, म्हणजे पानातून वाफ जाण्याचा भाग संपला होता, आणि पुढच्या पानावर आणखी एक छोटा भाग होता. तो वर्गात दहा-बारा दिवसांनी येणार होता. जमिनीत ओल भरपूर असली आणि हवा दमट असली, की मुळं पाणी वर ढकलत राहतात. वाफ होऊन जायला वाव नसतो. मग ते पाणी पानाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांतून थेंबाथेंबानं बाहेर येतं. मी आबांना सांगितलं. 'आन् मंग' आलं नाही. मी वर पाहिलं तर आबांचे हात थांबले होते.

"दंव न्हाई ते," आबा म्हणाले.

"काय?"

"सकाळच्या पारी भाताच्या पातीच्या टोकाला मणी असतो का न्हाई? एकेक? सारी त्याला दंवच म्हंत्यात. म्या ल्हान असल्यापास्नं बगतोय. दंव साऱ्या पानावर पडतं. ह्यो मणी निस्ता टोकाला. आन् दंव पुसलं की संपलं. ह्यो पुसला तर जरा येळानं परत येतो."

"परत येतो?"

"येतो की. म्या आयला सांगितलं तवा ती म्हनली, येड लागलंय तुला. मंग म्या कुनाला सांगितलं न्हाई." त्यांनी हातातला वाख बाजूला ठेवला. "मला वाटायचं माझंच काय तरी चुकतंय. पुस्तकात हाय व्हय ते?"

"हाय, आबा."

त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं. वाचता येत नव्हतं, इंग्रजी तर नाहीच. पण त्या पानावर पानाच्या कडेला थेंब दाखवलेली एक लहानशी आकृती होती. तिच्यावर त्यांनी अंगठा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उतरताना मी खाचराच्या बांधावर बसले. फटफटलं होतं. प्रत्येक पातीच्या टोकाला मणी. एक बोटानं पुसला. पात कोरडी. बस चुकेल म्हणून जीव वर-खाली होत होता, पण उठवेना. आणि मग टोकाशी काहीतरी चमकलं, आधी टाचणीच्या डोक्याएवढं, मग मोहरीएवढं. परत आला! मी खाली रस्त्यापर्यंत जी पळत सुटले ती बसच्या दांडीला हात लागेपर्यंत थांबले नाही.

त्याच आठवड्यात, एका दिवशी अकरा वाजता चाचणी झाली. बाष्पोत्सर्जनावर प्रश्न होता. ते तर मी लिहिलंच, पण हात थांबला नाही. टोकावरच्या थेंबांचंही लिहिलं. भाताची पात, दंव आणि हे पाणी यांतला फरक, पुसल्यावर परत येतं तेही. मोडक्या इंग्रजीत, पण लिहिलं. पेपर देताना इतकं हलकं वाटलं होतं!

तीन दिवसांनी शिपाई वर्गात आला. "रोल नंबर बेचाळीस. मॅडमनी बोलावलंय."

माझा पेपर मॅडमच्या टेबलावर होता. त्या शेवटच्या परिच्छेदाभोवती लाल शाईचं वर्तुळ.

"हे कुठून लिहिलंस?"

"पुस्तकातून, मॅडम."

"पुस्तकातून," त्या म्हणाल्या. "हा भाग मी अजून शिकवलेलाच नाही. तू माझ्या एकाही तासाला वर्गात नाहीस. हजेरीपटावर तुझ्यासमोर सगळं कोरं आहे. आणि तू पुस्तकातून लिहिलंस."

आपण काय कबूल करून बसलो ते मला तेव्हा कळलं. "तसं नाही मॅडम, मी आधी वाचलं होतं," एवढंच पुटपुटले. माझंच मला खोटं वाटलं.

"कॉपीचा विषय मी वर पाठवणार आहे. त्याआधी उद्या वडिलांना घेऊन ये."

परतीच्या बसमध्ये मी पुस्तक उघडलं नाही. डोळ्यांसमोर तात्यांचा चेहरा येत होता. नुसता हात झटकून म्हणतील, 'बगा, म्या काय म्हनलो व्हतो.' आई दुसऱ्या दिवसापासून मला कापणीच्या कामात धरेल. आणि आबांचं एक वरीस तीन महिन्यांतच भरेल. चढणीवर दोनदा थांबले. एकदा वाटलं, सांगूच नये, आजारी पडावं.

पण आबा नेहमीच्या कातळावर होते. घोंगडीवर माझ्यासाठी जागा ठेवून. मी उभ्या-उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी शेळीच्या पायातला काटा काढला, तिला सोडलं, आणि मग माझ्याकडं पाहिलं.

"केलंस का?"

"न्हाई."

"मंग चल उद्या. म्या येतो."

सकाळी आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, पागोटं बांधलं. दोघं बसनं भोरला आलो. शिक्षकांच्या खोलीबाहेर त्यांनी वहाणा काढल्या. शिपाई म्हणाला, "बाबा, चपला घालून चालतं." तरी त्यांनी काढल्याच. आत दोन-तीन शिक्षक बसले होते. मॅडमनी खुर्ची दाखवली. आबा दाराशीच उभे राहिले, म्हणून मीही.

"तुमची मुलगी वर्गात येत नाही," मॅडम म्हणाल्या.

"येती की वो. रोज उजाडायला निगती. म्हशीची धार काडून."

"कॉलेजला येत असेल. माझ्या वर्गात येत नाही."

मग मला बोलावंच लागलं. "मॅडम, बस साडेआठला पोचते. दार लागलेलं असतं. मी मागं असते. खिडकीपाशी."

"कुठल्या खिडकीपाशी?"

"फुटलेल्या तावदानाच्या."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग पेपर माझ्याकडं फिरवला. "ठीक आहे. हे काय लिहिलंयस ते मला सांग. मराठीत सांगितलंस तरी चालेल. याला काय म्हणतात?"

"गुट्टेशन," मी म्हणाले.

कोपऱ्यातले एक सर हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या जरा पुढं झुकल्या. "परत म्हण."

"गुट्टेशन, मॅडम."

"आणि पाणी ज्या छिद्रातून येतं ते?"

"हिडाथोडे."

आता ते सर मोठ्यानं हसले. मॅडमनी चष्मा काढला आणि पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं. मी कोण आहे ते बघावं तसं.

"गटेशन," त्या हळू म्हणाल्या. "आणि हायडाथोड. हे शब्द तू कधी कुणाच्या तोंडून ऐकलेलेच नाहीस."

"नाही मॅडम. वाचलेत."

"कॉपी करणारी पोरं शब्द बरोबर म्हणतात आणि अर्थ चुकवतात. तुझं उलटं आहे." मग त्यांनी लाल वर्तुळातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "पण हे पुसल्यावर परत येण्याचं? हे तर त्या पुस्तकात नाही. मला माहीत आहे ते पुस्तक. हे कुणी सांगितलं?"

मी आबांकडं पाहिलं.

"म्या," आबा दारातून म्हणाले. "दंव न्हाई ते, बाई. येतो परत."

"तुम्ही पाहिलंय?"

"त्यात बगायचं काय? रोज दिसतं."

मॅडमनी पेपर उचलून खणात ठेवला. "हे माझ्याकडे राहू दे. सोमवारी बोलू." आणि आबांना त्या म्हणाल्या, "तुम्ही एवढ्या लांबून आलात. चहा घेऊन जा." आबांनी मान हलवली, पण चहा न घेताच आम्ही बाहेर पडलो. स्टँडवर त्यांनी मला भजी घेऊन दिली. स्वतः खाल्ली नाहीत. "बाई वाईट न्हाई," एवढंच म्हणाले.

तो शनिवार-रविवार कसा गेला ते मला आज सांगता येत नाही. नाचणीच्या शेतात पाखरं हाकायला होते, एवढं आठवतं. सोमवारच्या भागाचं वाचन मी केलं. नावच काढून टाकणार असतील तर कशाला वाचायचं, असं मनात आलं, तरीही केलं. सवय झाली होती, आणि वाचताना तेवढा वेळ भीती वाटत नव्हती.

सोमवारी बस नेहमीच्याच वेळेला पोचली. मी नेहमीसारखी पळत आले, आणि मागच्या व्हरांड्याकडं वळता वळता थबकले. वर्गाचं दार उघडं होतं. सताड. मॅडम फळ्यापाशी होत्या. बोलणं न थांबवता त्यांनी हातानं मला आत बोलावलं. साऱ्या वर्गाचे डोळे माझ्या चिखलाच्या पायांवर. पहिल्या बाकावर कडेची जागा मोकळी होती. मी तिथं जाऊन बसले.

मॅडमनी खडू खाली ठेवला. "आज सकाळी मी आमच्या घरामागच्या गवतात बसले होते," त्या मराठीत म्हणाल्या. वर्गाला वाटलं, मॅडमना काय झालं. "पानाच्या टोकावरचा थेंब पुसला. घड्याळ लावून बसले. परत आला. मग आणखी दोनदा पुसला. दोन्ही वेळा आला. इतकी वर्षं मी हे शिकवतेय आणि एकदाही पुसून पाहिलं नव्हतं." मग त्या माझ्याकडं वळल्या. "बेचाळीस, वडिलांना सांग. आणि तुझा पेपर मी तपासलाय. आजपासून हजेरी तासाच्या शेवटी."

एवढं बोलून त्या पुन्हा फळ्याकडं वळल्या आणि इंग्रजीत सुरू झाल्या. मी वही उघडली. अक्षरं दिसत नव्हती, पाण्यात हलत होती. लिहिता येत नव्हतं, आणि लिहायची गरजही नव्हती. मॅडम बोलत होत्या ते सगळं मला माहीत होतं. एकेक वाक्य ओळखीचं. फक्त आता ते समोरून येत होतं, तावदानातून नाही. पुढं कितीतरी तास केले, कितीतरी घेतले. पण एखाद्या वर्गात इतकं निवांत मी पुन्हा कधी बसले नाही.

संध्याकाळी आबांना निरोप सांगितला. शेळ्या वळवता वळवता त्यांनी ऐकला. "तीनदा पुसला?" त्यांनी विचारलं. "बाईनी सोता?" मी व्हय म्हटलं. ते हसले नाहीत, पण घरी जाईपर्यंत त्यांनी शीळ घातली. आबांना शीळ घालता येते हे मला तेव्हा कळलं. तात्यांना यातलं काही कळलं नाही. आबांनी सांगितलं नाही, मीही नाही.

मग भात पिकलं. आमच्याकडं एकीकडं कापणी आणि दुसरीकडं माझी पहिली परीक्षा. पेपरच्या दिवशी सकाळी आई चुलीपुढून म्हणायची, "सावकाश लिव्ह." तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण घाईत काम बिघडतं हे माहीत होतं. मीही सावकाशच लिहिलं. वनस्पतिशास्त्राचा पेपर शेवटचा होता. प्रश्नपत्रिका हातात आली, वरून खाली वाचली, आणि खालून वर परत वाचली. अनोळखी असं त्यात कुणी नव्हतं.

त्या दुपारी वर पोचले तर सगळे खाली खाचरात होते. आई वाकलेली, आबा पेंढ्या बांधत होते.

"झालं का?" आईनं न वळताच विचारलं.

"झालं."

"समदं?"

"समदं."

"मंग इळा घे. ती कडंची कापायची पात ऱ्हायलीय बग."

मी विळा घेतला. मूठ धरायची, कापायची, मागं ठेवायची. परत मूठ धरायची. दोन-तीन ओळी कापून झाल्यावर लक्षात आलं, की डोक्यात काहीच चाललेलं नाही. एवढे महिने हात कुठल्याही कामात असला तरी आत कुणीतरी उद्याचा भाग म्हणत असायचं. आता नुसता विळ्याचा आवाज होता. खसक, खसक. ऊन पाठीवर बरं वाटत होतं. कापलेल्या भाताचा वास येत होता, आणि तो फक्त भाताचा वास होता.

भाकरी खाल्ली आणि पेंढ्यांच्या रचलेल्या ढिगाच्या सावलीला जरा टेकले. जराच. डोळे मिटले ते मिटलेच. झोपेतच कुठूनतरी तात्यांचा आवाज आला. ते बांधावरून विचारत होते, "भर दुपारी झोपली व्हय ही? कापनी कोन करनार?"

आणि आबांचा आवाज, अगदी जवळून. "झोपूं दे तिला," ते म्हणाले. "तिची झालीय."